शब्दचर्चा : ‘एव्हीआय चालतं’ म्हणजे नेमकं काय चालतं?

प्रश्न :
नोकिया एन८०० या इंटरनेट टॅबलेटवर गाणी आणि व्हिडिओ कसे लावायचे, याची छोटी मराठी पुस्तिका लिहिते आहे. यंत्र २००७ सालचं. ज्यांच्याकडे ते अजून चालू आहे त्यांना मराठीत धड माहिती मिळावी, एवढाच हेतू. त्यात मी लिहिलं, ‘एव्हीआय फॉरमॅट चालतो.’ मग मेमरी कार्डावर दोन एव्हीआय फाइली टाकून पाहिल्या. एक सुरळीत चालली, दुसरीचा नुसता आवाज आला, चित्र नाही. आता हे वाक्य ठेवू की काढू? ‘फॉरमॅट’, ‘कोडेक’, ‘कंटेनर’ यांतला कोणता शब्द इथे बसेल? आणि ‘प्लेबॅक’ला काय म्हणावं?

प्रतिसाद :
वाक्य अपुरं आहे, आणि गोंधळ ‘फॉरमॅट’ या शब्दाचाच आहे. आपण तो दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. एव्हीआय हा कंटेनर, म्हणजे नुसता डबा. मायक्रोसॉफ्टने तो १९९२ मध्ये आणला. आत चित्र एका पद्धतीने दाबून भरलेलं असतं, आवाज दुसऱ्या पद्धतीने. त्या दाबण्या-उलगडण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. कोडर आणि डिकोडर जोडून झालेला शब्द, मोडेमसारखाच. तुमच्या दुसऱ्या फाइलीत आवाजाचा कोडेक टॅबलेटच्या ओळखीचा होता, चित्राचा नव्हता. म्हणून लिहा : ‘एव्हीआय फाइल उघडते, पण आतला व्हिडिओ एमपीईजी-४ आणि आवाज एमपी३ असेल तर नीट चालते.’

‘कोडेक’ला मराठी प्रतिशब्द शोधत बसू नये असं माझं ठाम मत आहे. वाचकाला पडद्यावर हाच शब्द दिसणार आहे. पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ सांगा आणि पुढे बिनधास्त वापरा.

आणखी एक प्रतिसाद :
वरच्या वाक्यात ‘एमपीईजी-४’ एवढंच लिहून भागणार नाही. ते एका मोठ्या मानकाचं नाव आहे आणि त्याचे भाग वेगवेगळे आहेत. भाग २ हा जुना व्हिडिओ कोडेक, भाग १० म्हणजे एच.२६४ हा त्याहून नवा कोडेक, आणि भाग १४ म्हणजे एमपी४ ही फाइल, जी स्वतः कंटेनर आहे. एच.२६४ उलगडायला प्रोसेसरला बरंच जास्त राबावं लागतं. एन८०० सारख्या यंत्रासाठी भाग २ च बरा. ‘एमपी४ चालतं का?’ या प्रश्नाला म्हणूनच हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही.

एमपी३ चं उलट आहे. तिथे फाइलीचं आणि कोडेकचं नाव एकच. माझ्या मते सगळ्यांची सवय बिघडली ती इथूनच, कारण आपली ओळख आधी एमपी३ शी झाली. ऑग व्हॉर्बिस हे नाव मात्र शिकवायला फार चांगलं : ऑग हा कंटेनर, व्हॉर्बिस हा कोडेक. एन८०० च्या मूळ प्लेयरला ते येत नाही, एमप्लेयर हा दुसरा प्लेयर टाकला की वाजतं. म्हणजे ‘टॅबलेटला चालत नाही’ हेही चुकीचं. ‘या प्लेयरला चालत नाही’ असं लिहावं. पुष्कळशा प्लेयरांत कोडेक आतच बसवलेले असतात, म्हणून प्लेयर बदलला की तीच फाइल सुरू होते.

‘प्लेबॅक’बद्दल :
तो शब्द कृपया टाळा. मराठी कानाला ‘प्लेबॅक’ म्हणजे पार्श्वगायन. आपल्याकडे तयार क्रियापदं आहेत आणि ती फार नेमकी आहेत. गाणं आपण लावतो, ते वाजतं, आणि फाइल चालते किंवा चालत नाही. ‘लावणे’ ही माणसाची कृती, ‘चालणे’ ही यंत्राची कुवत. पुस्तिकेत हा भेद पाळलात तर ‘फाइल लावली पण चालली नाही’ एवढ्यात सगळं कळतं. ‘वादन’ आणि ‘चालन’ तर नकोच.

मूळ प्रश्नकर्ती :
फार उपयोग झाला. अजून एक. व्हिडिओ अडकत अडकत चालतो, आवाज पुढे पळतो आणि चित्र मागे राहतं, त्याला ‘बफरिंग’ म्हणू का? सगळे तेच म्हणतात.

प्रतिसाद :
नाही. बफर म्हणजे नेटवरून येणारा मजकूर आधी थोडा साठवून ठेवायची जागा. ती रिकामी झाली की प्लेयर थांबतो, साठवतो, पुन्हा सुरू होतो; ते बफरिंग. कार्डावरच्या फाइलीत आवाज पुढे जातो तेव्हा यंत्राला फ्रेम, म्हणजे व्हिडिओतली एकेक स्थिर चित्रं, वेळेत उलगडून पडद्यापर्यंत पोचवता येत नसतात. तिथे ‘फ्रेम सुटतात’ म्हणा. हा भेद महत्त्वाचा, कारण उपाय वेगळे आहेत. बफरिंग असेल तर वायफाय पाहायचं किंवा हलकी स्ट्रीम निवडायची. फ्रेम सुटत असतील तर व्हिडिओ लहान करून घ्यायचा.

किती लहान? ४०० × २४०, म्हणजे रुंदी-उंची दोन्हींत पडद्याच्या बरोबर निम्मा. प्रत्येक ठिपका दोन्ही दिशांना दुप्पट केला की पडदा भरतो आणि पडद्याकडे पाठवायचा भार चौपट कमी होतो. १६:९ मापाचं रुंद चित्र असेल तर ४०० × २२४ ठेवा. हिशेबाने २२५ येतात, पण हे कोडेक चित्राचे १६ × १६ चे चौकोन पाडतात, आणि २२४ ला १६ ने पूर्ण भाग जातो. ‘रिझोल्यूशन’ हा शब्द आता सगळ्यांना कळतो, तोच राहू द्या.

‘प्लेलिस्ट’बद्दल राहिलंच :
‘गाण्यांची यादी’ हे छान मराठी आहे आणि इथे अधिक खरंही आहे. अशी यादी ज्यात असते त्या एम३यू फाइलीत गाणी नसतात, प्रत्येक ओळीत एकेका फाइलचा पत्ता असतो. यादी कार्डावर टाकली आणि गाणी संगणकावरच राहिली, तर काहीच वाजणार नाही. टॅबलेट लिनक्सवर चालतो, त्यामुळे इंग्रजी नावातलं लहान-मोठं अक्षर बदललं तरी पत्ता चुकू शकतो. ‘पाथ’ऐवजी ‘पत्ता’च लिहा.

मूळ प्रश्नकर्ती :
‘पत्ता’ घेतला. ‘कोडेक’ पुल्लिंगी धरते आहे, ‘तो कोडेक’. कुणी वेगळं म्हणत असेल तर सांगा, छपाईला अजून वेळ आहे.