मायणी-येरळवाडीला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला आप्पांना कधी नेऊ?

प्रश्न (सांगली)
नमस्कार. आमचे आप्पा ७६ वर्षांचे आहेत. नोकरीत असताना विट्याहून वडूजला जाताना मायणीच्या तलावात रोहितांचा थवा त्यांनी पाहिला होता. अजून सांगतात, "पाणी गुलाबी दिसत होतं." मागच्या डिसेंबरात त्यांना मुद्दाम घेऊन गेलो. तलाव तुडुंब, आणि पाणकावळे नि चांदवे सोडले तर काहीच नाही. येताना आप्पा गाडीत गप्प बसून होते. त्यांना गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. परत न्यायचं तर कधी, आणि मायणीच्या तलावावर की येरळवाडीच्या?

उत्तर (खटाव तालुका)
दादा, तलाव तुडुंब होता म्हणूनच रोहित नव्हते. हा पक्षी उथळ पाण्यात उभा राहतो, चोच उलटी बुडवतो आणि चिखलातलं शेवाळ, बारीक जीव गाळून खातो. पाणी खोल असलं तर तिथं त्याला चरायला जागाच नाही. आमचा भाग दुष्काळी, पूर्वी पाणी लवकर मागं सरायचं. आता चांगला पाऊस आणि उपसा योजनेचं पाणी, यामुळं तलाव जास्त दिवस भरलेले राहतात. त्याच पाण्यावर माझी विहीर चालते, त्यामुळं मला पाण्याचं आणि पाखरांचं, दोन्हीचं मोल कळतं.

म्हणून तारीख बघू नका, काठ बघा. कडेनं ओल्या चिखलाचा पट्टा उघडा पडला की निघा. बहुतेक फेब्रुवारी-मार्चमध्ये. आधी येरळवाडी बघा, मग मायणी.

रोहित नाहीच दिसले तरी आप्पांना पट्टकदंब नक्की दाखवा. पांढऱ्या डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या, हिमालय ओलांडून येणारा हंस. रात्री आणि पहाटे शेतात चरतो, उन्हं चढली की पाण्यावर येऊन विसावतो. आमच्या हरभऱ्यात उतरायचे. वडील बांधावरून डबा वाजवायचे, पण दगड कधी मारला नाही. "एवढ्या लांबून आलंय, चार शेंडे खाऊ दे," म्हणायचे.

उत्तर (सातारा)
सकाळी पूर्वेच्या काठावर थांबा, ऊन पाठीशी राहतं आणि रंग खरे दिसतात. घडीची खुर्ची आणि दुर्बीण न्या, म्हणजे आप्पांना चालायला नको. एक कळकळीची विनंती, जवळ जाऊ नका. उडत्या थव्याच्या फोटोसाठी एकजण पाण्यात धावत गेलेला मी पाहिलाय. दुपारपर्यंत बसून राहिलो, थवा परत उतरला नाही. लांबच्या प्रवासानं थकलेल्या पाखरांना उगाच उडवणं म्हणजे त्यांच्या तोंडचा घास काढणं. २०२१ मध्ये मायणीच्या परिसराला पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, पण काठावर उभ्या माणसानं मर्यादा पाळली तरच त्याला अर्थ.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. आप्पांना सगळं वाचून दाखवलं. जरा वेळानं म्हणाले, "बरोबर आहे. तेव्हा रस्त्याच्या कडेला शाळूची काढणी चालली होती." म्हणजे तेही फेब्रुवारी-मार्चच! खटावचे दादा, चिखल उघडा पडला की एवढा निरोप टाका. खुर्ची आजच गाडीत ठेवली आहे.