मदत हवी आहे: फँटसी कथांचा मिश्र संग्रह टीनएजर मुलींसोबत कसा वाचावा?

भाची (वय १३) आणि तिच्या मैत्रिणींसोबत मी एक फँटसी कथासंग्रह वाचतेय, वेगवेगळ्या लेखकांचा, म्हणजे एक कथा ड्रॅगन आणि राजवाड्याची, पुढची थेट आजच्या शाळेत घडणारी जिथे जादू हळूच शिरते, मग एक लोककथा उलटी करून सांगितलेली, मधेच एक भुताची. मला ही व्हरायटीच फार आवडते. पण मुलींचं असं होतं की एका जगात मन रमतंय तोच कथा संपते आणि पुढे परत नवी नावं, जादूचे नवे नियम, सगळं पहिल्यापासून. कादंबरीत हे जग सावकाश उभं राहतं, इथे पहिल्या दोन पानांतच पकडावं लागतं आणि नेमक्या तिथेच त्या सुटतात.

क्रमाने वाचून पाहिलं. आपापल्या आवडीची निवडा म्हटलं तर सगळ्या ड्रॅगनवरच जातात. मोठ्याने वाचल्यावर खरंच फरक पडला पण लांब कथांना ते जमत नाही.

भाषेची अडचण नाहीये, जाड कादंबऱ्या आरामात संपवतात. वर्कशीट, प्रश्नोत्तरं वगैरे नको, शाळेसारखं वाटलं की मूडच जातो. आठवड्यातून एकदा तासभर भेटतो.

ज्यांनी असे संग्रह मुलांबरोबर वाचलेत त्यांनी प्लीज सांगा, एका वेळी एकच कथा घेऊन तिच्यावर निवांत गप्पा माराव्यात, की दोन कथा जोडीने घ्याव्यात? आणि जोडी लावायची तर कशावरून लावता?