वुडन ओव्हरकोट्स: रुडयार्ड दुष्ट की भेदरलेला? नुसत्या आवाजावरून पात्र ठरवायचं कसं?

कानसेन_जळगाव

राम राम मंडळी. ज्यांनी ऐकली नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. 'वुडन ओव्हरकोट्स' ही ब्रिटिश ध्वनिमालिका, २०१५ ते २०२२, चार पर्वं. नावाचा अर्थ 'लाकडी ओव्हरकोट', म्हणजे इंग्रजी बोलभाषेत शवपेटी. जागा इंग्लिश खाडीतलं पिफलिंग नावाचं काल्पनिक बेट. तिथे रुडयार्ड फन घराण्याचा अंत्यविधीचा धंदा चालवतो. जुळी बहीण अँटिगनी शवागारात मृतदेहांची तयारी करते आणि जॉर्जी क्रूसो मदतनीस आहे. समोर चौकापलीकडे एरिक चॅपमन त्याच धंद्याचं नवं दुकान थाटतो आणि अख्खं गाव त्याच्यावर लट्टू होतं. हे सगळं सांगते मॅडलिन नावाची उंदरीण.

आमच्या श्रवणगटात दोन तट पडलेत. एक म्हणतो रुडयार्ड दगड काळजाचा आहे, दुसरा म्हणतो तो आतून घाबरलेला आहे. चॅपमनबद्दलही तसंच: खरंच भला की पक्का बेरकी? भाग तेच, आवाज तेच, तरी अर्थ उलटे. चेहरा दिसत नसताना पात्राबद्दलचं मत कशाच्या आधारावर ठरवायचं, याची नीट पद्धत हवी आहे. आणि असाच एखादा प्रसंग खान्देशी वळणाने बसवायचा झाला तर कोणाच्या तोंडी कोणती बोली द्यावी?

साउंडवाला_भुसावळ

कानसेन भाऊ, मतं नंतर. आधी सगळ्यांचे फोन तपासा. 'भाग तोच' असला तरी तुम्ही सगळे तेच ऐकताय याची खात्री नाही.

पहिली गोष्ट वेग. १.५ पटीने लावलं की ०.९ सेकंदाची शांतता ०.६ वर येते. पण त्याहून घातक आहे ट्रिम सायलेन्स. पॉकेट कास्ट्समध्ये ही सोय आहे, इतर अॅपमध्ये वेगळ्या नावाने सापडेल. ती चालू असेल तर वेग १ ठेवूनही अॅप बोलण्यातल्या मोकळ्या जागा आपोआप कापतं. बातम्यांना ते चालतं, काळ्या विनोदाला नाही. समजा कोणी सांगितलं, "माझा नवरा गेला." समोरचा एक सेकंद गप्प राहिला आणि मग विचारलं, "उंची किती होती?" त्या एका सेकंदात त्याची भीती आहे, काय बोलावं हे न सुचणं आहे. तो सेकंद कापा. तेच वाक्य झडप घालून आल्यासारखं येतं आणि माणूस निर्दय ठरतो. तुमच्या 'दगड काळजाचा' तटातल्या किती जणांचं ट्रिम चालू आहे ते मोजाच.

दुसरं, आवाज वाढवणारी सोय, व्हॉल्यूम बूस्ट. ती हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर कमी करते. पात्र स्वतःशी पुटपुटलं असेल तर ते समोरच्याच्या तोंडावर बोलल्यासारखं वाटतं. पुटपुटणं आणि अपमान करणं यात पात्राचा सगळा स्वभाव बदलतो.

तिसरं, एकाच कानात इअरफोन नको. डावी-उजवी बाजू गेली की कोण कोणाकडे वळून बोललं ते कळत नाही. आणि कूलर. मे महिन्यात तो बंद करा म्हणणं कठीण आहे, पण त्याच्या घरघरीत 'स', 'फ', श्वास, ओठांचे आवाज बुडतात. त्यापेक्षा हेडफोन लावा.

एवढं झाल्यावर तीन मिनिटांचा एकच प्रसंग निवडा. तो तीनदा ऐकायचा. पहिल्या वेळी न थांबता. दुसऱ्या वेळी थांबत थांबत, हातात कागद घेऊन. रकाने तीनच: वेळ, कोण, काय ऐकू आलं. इथे विशेषण लिहायला बंदी. "चिडला" असं लिहायचं नाही. "शेवटचा शब्द वर चढला, मग दीड सेकंद गप्प, मग खुर्ची सरकली" असं लिहायचं. अर्थ फक्त तिसऱ्या वेळी, वेगळ्या शाईने. तीन मिनिटांना पाऊण तास धरा. सुरुवातीला कंटाळा येईल, पण भांडण वाक्यावर आहे की वाक्याच्या टोनवर ते याच कागदावर सापडतं.

अजून एक कसोटी. ज्याने मालिका ऐकलीच नाही अशा माणसाला तेवढाच संवाद लिहून द्या आणि सपाट वाचायला सांगा. सपाट वाचूनही क्रूर वाटला तर क्रूरपणा लिहिण्यात आहे. नाही वाटला तर तो नटाने आवाजातून आणलाय, किंवा तुमच्या फोनने.

शिरपूरकर

भाऊंनी फोनचं सांगितलं, मी कानामागच्या माणसाचं सांगते. दुष्ट म्हणणाऱ्या तटाचं खरं कारण मला वेगळं वाटतं.

आपल्याकडे मयत म्हणजे भाऊबंदांचं काम. बांबू, सुतळी, मडकं, पांढरं कापड दुकानातून येतं, पण तिरडी बांधतात गल्लीतलीच माणसं. त्याचे पैसे कोणी मागितले तर गाव थुंकेल. मग द्वारदर्शन, दहावा, गंधमुक्ती, सगळं सोयऱ्या-धायऱ्यांच्या भरवशावर. अशा कानांनी ऐकलं की रुडयार्डने तोंड उघडायच्या आधीच तो नापास: हा मेलेल्या माणसावर पोट भरतो! इंग्लंडात मात्र अंत्यविधी करून देणं हा रीतसर पेशा आहे, घराण्यात चालत आलेला, वकिली-डॉक्टरकीसारखा. बेटावरचे लोक रुडयार्डवर वैतागतात ते तो पैसे घेतो म्हणून नाही. त्याला सांत्वन करता येत नाही म्हणून.

त्याचं ब्रीद बघा ना. मृतदेह पेटीत, पेटी जमिनीत, तेही वेळेवर. एवढंच. रडणाऱ्या माणसाचा त्यात उल्लेखच नाही. आपल्याला ते निर्दय वाटतं, पण हा माणूस जे खात्रीने करू शकतो तेवढंच वचन देतोय. त्याच्या लेखी काम चोख करणं हाच मान. प्रत्येक गावात असा एक माणूस असतोच: मयतीत कोणाच्या खांद्यावर हात ठेवत नाही, दोन शब्द बोलत नाही, पण लाकडं कमी पडली तर रात्री दोन वाजता ट्रॅक्टर काढतो. त्याला कोणी दुष्ट म्हणत नाही. फक्त त्याच्याजवळ रडायला कोणी जात नाही.

म्हणून ऐकण्याआधी गटात दहा मिनिटं फक्त तिकडच्या रीतीवर बोला. पेटी, शवागार, चर्च, दफन. हे माहीत नसेल तर अर्धे विनोद चुकतात आणि उरलेले क्रूर वाटतात.

कानसेन_जळगाव

ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. साउंडवाले भाऊ, सात जणांचे फोन पाहिले, तिघांचं ट्रिम चालू निघालं आणि तिघेही एकाच तटातले! चॅपमनचं कोणी सांगेल का?

एरंडोलचा_श्रोता

चॅपमन हे या मालिकेतलं सगळ्यात अवघड पात्र आहे, कारण त्याच्याकडे आपण बहुतेक वेळा दुसऱ्यांच्या नजरेने बघतो. गावाच्या कौतुकातून भेटतो, नाहीतर रुडयार्डच्या जळफळाटातून. दोन्ही चष्मे रंगीत. त्यामुळे त्याच्यासाठी प्रश्न एकच ठेवा: ज्याला खूश करून काही मिळणार नाही अशा माणसाशी तो कसा बोलतो? असे प्रसंग शोधून त्यांची वेळ टिपा. सापडले आणि तिथेही तो तसाच असेल तर भला म्हणा. प्रसंगच कमी सापडले तर "अजून ठरत नाही" असं लिहायची हिंमत ठेवा. चाहत्यांची भांडणं बहुतेक याच रिकाम्या जागेत होतात. ती जागा ज्याने त्याने स्वतःच्या अनुभवाने भरलेली असते. कोणाला गोड बोलणाऱ्याने फसवलेलं असतं, कोणाला सांभाळलेलं असतं.

हीच कसोटी रुडयार्डला लावा. त्याच्याकडे मॅडलिन आहे. उंदरीण त्याला गिऱ्हाईक आणून देणार नाही, तिच्यापुढे इभ्रत राखायची गरज नाही. तिच्याशी तो बोलतो तो आवाज आणि गावाशी बोलतो तो आवाज शेजारी शेजारी ऐका. भेदरलेला म्हणणाऱ्या तटाचा सगळ्यात भक्कम पुरावा मला तिथे वाटतो.

पण मॅडलिनबद्दल सावध राहा. निवेदन आपण आपोआप खरं मानतो आणि त्याला तांत्रिक कारणही आहे. निवेदकाचा आवाज साधारणपणे माइकच्या अगदी जवळून घेतात, खोलीचा घुमारा न ठेवता. एका दिशेने ऐकणाऱ्या माइकच्या वीतभर आत आलं की आवाजातला खर्ज वाढतो, कानाशी कोणी विश्वासाने सांगतंय असं वाटतं. बाकीची पात्रं खोलीत, ही आपल्या डोक्यात. पण ती त्या घरात राहते, रुडयार्डच्या बाजूची आहे आणि स्वतःच्या आठवणी लिहिते आहे. तिने सांगितलेली घटना घ्या, पण तिने दिलेलं प्रमाणपत्र वेगळ्या रकान्यात ठेवा.

स्वतःबद्दल पात्र काय बोलतं याला आपण कमी किंमत देतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच. जॉर्जी मात्र अपवाद. ती म्हणते मला अमुक छान जमतं, आणि तिला ते खरंच जमतं. तिच्या बाबतीत बोलणं आणि करणं यात फट नाही, म्हणून तिच्या तोंडून रुडयार्डबद्दल जे येतं त्याला मी मॅडलिनपेक्षा जास्त वजन देतो. अँटिगनीचं नाव ग्रीक शोकनाट्यातलं आहे. तिथली अँटिगनी राजाचा हुकूम मोडून भावाच्या प्रेतावर माती टाकते. इथली भावाच्या धंद्यासाठी प्रेतांजवळ आयुष्य काढते. हे जुळतं आणि छान जुळतं, पण नाव लेखकाने ठेवलंय, पात्राने नाही. नावावरून स्वभाव सिद्ध करायला जाऊ नका, जे ऐकून कळलंय त्याला ते जोड देतं एवढंच.

दोन छोट्या सूचना. पर्व आणि भाग सांगितल्याशिवाय वाद घालू नका, पहिल्या पर्वातलं वाक्य चौथ्या पर्वातल्या माणसावर फेकलं जातं. आणि चाहत्यांनी काढलेली चित्रं सगळं ऐकून झाल्यावर बघा. एकदा बारीक मिशीचा चेहरा डोक्यात बसला की प्रत्येक वाक्य त्याच मिशीतून येतं. ऐकलेलं ते कॅनन, मनाने भरलेलं ते हेडकॅनन. दोन्ही ठेवा, पण कागदावर मधे रेघ मारा.

धुळ्याची_बोली

बोलीचा प्रश्न राहिला. पहिला मोह असा होईल: रुडयार्ड चिडका आणि हास्यास्पद, म्हणून त्याला अहिराणी द्या. चॅपमन ऐटबाज, म्हणून त्याला पुणेरी द्या. कृपा करून हे करू नका. विनोदी पात्र आलं की त्याला बोली चिकटवायची, यात आपल्या भाषेचं फार नुकसान झालंय. शिवाय पात्रंही उलटी होतात.

रुडयार्डची अडचण ही की त्याला माणसांच्या भाषेत बोलता येत नाही. म्हणजे त्याची भाषा छापील हवी. "पार्थिव पेटीत, पेटी भूमीत, नियोजित वेळेत." हे वाक्य मयतीच्या ओट्यावर ऐका, कानाला टोचेल, आणि तेच हवंय. चॅपमन मात्र प्रत्येकाच्या बोलीत बोलेल. साक्रीच्या म्हातारीशी अहिराणी: "माय, तू बठ, मी शे ना." यावल-रावेरकडच्या माणसाशी लेवा गणबोली. कलेक्टर कचेरीत प्रमाण मराठी. तो भला की बेरकी हा तुमचा प्रश्न त्यातच जिवंत राहतो: बोली बदलणं हे प्रेम की हातोटी? श्रोत्याला ठरवू द्या. जॉर्जीला तीन शब्दांची अहिराणी पुरे: "हाई माले येस." संपलं. अँटिगनीला लांब, आतून गुंतलेली वाक्यं द्या, मधेच श्वास संपणारी, कारण तिला जिवंत माणसांशी बोलायची सवय मोडली आहे.

संहिता लिहिताना शांतता पण लिहा. "थांब" असं मोघम नको, "थांब, १ सेकंद" असं. वाचणारे अहिराणीत सरावाने वेग घेतात आणि थांबे खातात. ध्वनिमुद्रणाला छोटी खोली, भिंतींना दोन-तीन गोधड्या टांगलेल्या, सगळी पात्रं माइकपासून हातभर लांब आणि निवेदक वीतभर. शवागार दाखवायला त्याच गोधड्या काढून नुसत्या भिंतींत बोला, घुमारा आपोआप येतो.

आणि हा प्रसंग गटापुरता ठीक. बाहेर टाकायचा असेल तर रूपांतराचा हक्क मूळ मालकांकडे असतो, आधी परवानगी मागा. नाहीतर पात्रंच स्वतःची घ्या. शिरपूरकर ताई म्हणतात तसं आपल्याकडे मयतीचा धंदा पटणार नाही, पण गंधमुक्तीच्या पंगतीवरून भांडणारे एकाच गल्लीतले दोन आचारी लगेच पटतील.

कानसेन_जळगाव

आचारी! रविवारी हेच घेतो. पहिल्या प्रसंगाचे तीन रकाने भरले की इथेच टाकेन. साउंडवाले भाऊ, विशेषण सापडलं तर खोडून काढा.