फॅनझिन : अनियतकालिक, हौशी अंक की अंगतपंगत?

प्रश्न

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या, टोळीने बसून आपापलं पात्र रंगवत कागद-पेन्सिलवर खेळायच्या खेळाभोवती १९७५ ते ७८ या काळात जी मासिकं निघाली, त्यांच्यावर एका दिवाळी अंकासाठी लेख लिहितोय. लेखात 'फॅनझिन' शब्द दहा-बारा वेळा आला होता. संपादकांनी सगळीकडे तो खोडून 'चाहत्यांचे मासिक' असं केलं. वाचताना शाहरुखच्या बंगल्याबाहेर उभ्या असलेल्या गर्दीने अंक काढलाय असं वाटतं. दुसरा शब्द सुचवा.

थोडी पार्श्वभूमी. खेळ आला जानेवारी १९७४ मध्ये, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून. काढणारी कंपनी टीएसआर, लेखक गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. पुढच्या वर्षी कंपनीने 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' सुरू केलं. पहिला अंक जेमतेम ६ पानांचा, म्हणजे पत्रकच. पण रेंजर, इल्यूजनिस्ट, बार्ड ही आज खेळणाऱ्यांना पाठ असलेली पात्रं पहिल्यांदा तिथेच छापली गेली. ७ अंकांनंतर, १९७६ मध्ये, ते बंद करून कंपनीने त्याच्या जागी दोन अंक काढले : 'द ड्रॅगन' आणि 'लिटल वॉर्स'. ही झाली कंपनीची प्रकाशनं. माझी अडचण दुसऱ्या बाजूची आहे, खेळणाऱ्यांनी स्वतः काढलेल्या अंकांची.

प्रतिसाद १

शब्द तयार आहे की : अनियतकालिक. १९५४ मध्ये दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी 'शब्द' नावाचं अनियतकालिक काढलं तेही सायक्लोस्टाइलच होतं. तुमच्या अमेरिकन मंडळींनीही स्टेन्सिलच कापल्या असणार. यंत्र तेच, खिसा तेवढाच रिकामा, मग शब्द वेगळा कशाला?

प्रतिसाद २

यंत्र तेच, पण 'अनियत' कुठे? या गटातला सगळ्यात नावाजलेला अंक म्हणजे ली गोल्ड यांचा 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स'. जून १९७५ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झाला आणि २०२५ पर्यंत चालला. मासिक! ५० वर्षांत जवळजवळ ६०० अंक. आपल्याकडची कित्येक 'नियत'कालिकं याच्यापुढे लाजतील. उलट कंपनीचा 'स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' आधी ऋतूंप्रमाणे त्रैमासिक होता, मग द्वैमासिक झाला. खरं अनियत तेच.

मराठीत आपण प्रकाशनाला नाव देतो ते किती दिवसांनी निघतं त्यावरून : साप्ताहिक, पाक्षिक, मासिक. 'फॅनझिन'मध्ये काळ मोजलेलाच नाही, कोण काढतं तेवढंच सांगितलंय. म्हणून कालिकवाला कुठलाही शब्द तिथे बसणार नाही.

शिवाय 'अनियतकालिक' म्हटलं की साठच्या दशकातलं प्रस्थापित मासिकांविरुद्धचं बंड डोळ्यांपुढे येतं. या लोकांचं कोणाशी भांडण होतं?

प्रतिसाद १ लिहिणारा

होतं की. 'अलारम्स'च्या दुसऱ्याच अंकात खुद्द गायगॅक्स यांचं पत्र आहे, अगदी सलोख्याचे दिवस. आणि तेच गायगॅक्स १९७८ मध्ये 'ड्रॅगन'मधून अशा अंकांवर तुटून पडले : स्वतःचं लिखाण स्वतःच छापून मिरवणारे लोक, असा एकूण सूर. एका बाजूला प्रस्थापित मासिक, दुसऱ्या बाजूला घरी छापणारे. ओळखीचं वाटत नाही?

काळाचा मुद्दा मात्र मान्य. मासिकाला अनियतकालिक म्हणवत नाही.

प्रतिसाद ३

'फॅनझिन' हा शब्द रस शोव्हने या अमेरिकन विज्ञानकथा-वेड्याने १९४० मध्ये घडवला. त्याच्या जोडीला 'प्रोझिन' आहे, पोटासाठी निघणारं. ही जोडी ऐकली की मराठी माणसाला लगेच काय आठवावं? हौशी आणि व्यावसायिक रंगभूमी! 'चाहता' लांबून बघतो, 'हौशी' स्वतः तोंडाला रंग लावतो. या अंकांतले लोक खेळाचं कौतुक करत बसले नव्हते. नियम कुठे फसतो ते सांगत होते, स्वतःचे नियम रचत होते, मागच्या शनिवारी आपल्या टोळीचं भुयारात काय झालं ते लिहीत होते. म्हणून 'हौशी अंक'.

एकच धोका. आपल्याकडे 'हौशी' कधी कधी 'कच्चं' या अर्थाने नाक मुरडून वापरतात. वापरू देत.

प्रतिसाद ४

थोडं विषयांतर, पण नावांकडेही बघा. 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स' ही एलिझाबेथच्या काळातल्या इंग्रजी नाटकांमधली रंगसूचना आहे. 'अलारम' म्हणजे शस्त्रं उचलायचा इशारा (मूळ इटालियन, 'शस्त्रांकडे!'), आणि 'एक्सकर्शन्स' म्हणजे सैनिकांनी रंगमंचावर इकडून तिकडे धावणं. चार नटांमध्ये लढाई उभी करायची युक्ती. कागद-पेन्सिलवर युद्ध खेळणाऱ्यांना याहून चपखल नाव सापडलं नसतं. 'अलार्म' हा त्याचाच भाऊ, आणि त्याला आपण 'गजर' म्हणतो. पण 'गजर आणि धावाधाव' म्हटलं तर आधी विठ्ठलाचा गजर ऐकू येतो, मग पहाटेची लोकल दिसते. नाव आहे तसंच ठेवा.

'व्हाइट ड्वॉर्फ' या अंकाचंही तेच. लंडनच्या गेम्स वर्कशॉप या खेळांच्या कंपनीने इयन लिव्हिंगस्टन यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये काढलं. नावात श्लेष : परीकथेतला खुजा योद्धा आणि आकाशातला तारा. ताऱ्याला मराठीत 'श्वेत बटू' म्हणतात. आता कुऱ्हाड घेतलेला दाढीवाला बटू डोळ्यांपुढे आणा. मला तर लंगोटी लावून भिक्षा मागणारा मुंजीतला मुलगाच दिसतो.

प्रतिसाद २ लिहिणारी

'हौशी अंक' चांगला आहे, पण 'अलारम्स'ला तो पुरत नाही. तो एका संपादकाचा अंक नव्हता. प्रत्येक जण आपापली पानं लिहून पाठवायचा, ली गोल्ड ती जुळवून एक गठ्ठा करायच्या आणि तो सगळ्यांना जायचा. पुढच्या महिन्यात तुमच्या पानांवर बाकीच्यांच्या टिप्पण्या. इंग्रजीत याला 'एपीए' (अमॅच्युअर प्रेस असोसिएशन) म्हणतात, 'हौशी मुद्रक मंडळ' म्हणा हवं तर. पण ते सहकारी पतपेढीचं नाव वाटतं.

मूळही गमतीशीर आहे. लॉस एंजेलिसच्या विज्ञानकथा-मंडळाचा असाच एक साप्ताहिक गठ्ठा निघायचा. त्यात या खेळाच्या गप्पा इतक्या वाढल्या की बाकीचे वैतागले. तुमचं वेगळं मांडा, म्हणाले. मांडलं.

मी आधी 'भिशी' म्हणणार होते. प्रत्येकाने वाटा टाकायचा, इतपत जुळतं. पण भिशीत उचल एकाचीच. इथे सगळ्यांना सगळं मिळतं. आपापला डबा आणायचा, गोल करून बसायचं आणि दुसऱ्याच्या भाजीला नावं ठेवत ती संपवायची, याला मराठीत एकच शब्द आहे : अंगतपंगत.

प्रतिसाद ३ लिहिणारा

'अंगतपंगत' ऐकून शाळेची मधली सुट्टी आठवते. गंभीर लेखात चालेल?

प्रश्नकर्ता

चालवतो. एकट्याने काढलेला असेल तिथे 'हौशी अंक', आणि 'अलारम्स'सारख्या गठ्ठ्याला 'अंगतपंगती अंक', पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात रीत समजावून. 'स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू'च्या सुरुवातीच्या अंकांना 'गृहपत्रिका' म्हणतोय, कारखान्यांच्या असतात तशी. अंकांची नावं मुळातलीच.

संपादकांना आत्ताच फोन केला. 'हौशी' लगेच पास. 'अंगतपंगती'वर जरा थांबले आणि म्हणाले, "मग वाचकांची पत्रं म्हणजे काय, लोणचं?"

आता बार्डला 'भाट' म्हणायचं की 'शाहीर', त्याचा धागा उद्या काढतो.