पट्टीवरचं नाव म्हणजे कारखाना नव्हे

बंदुकीच्या दोन नळ्यांमधल्या पट्टीवर 'रॉडा, कलकत्ता' कोरलंय म्हणजे आपल्या आजोबांची बंदूक कलकत्त्यातच बनली, असा तर्क इथे एकाने मांडलाय; तो मला पटत नाही. पट्टीवर बऱ्याचदा विकणाऱ्याचं नाव असतं, माल इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचा. खरी ओळख नळ्यांच्या बुडाशी, खालच्या सपाट भागावर असते. परवाना ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच नळ्या उतरवायला सांगा आणि भिंगातून बघा. आमच्या घरच्या दुनळीवर जुनं तेल पुसल्यावर 'नॉट फॉर बॉल' (म्हणजे यातून अखंड गोळी झाडू नका) एवढी बारीक अक्षरं दिसली. चोकच्या, म्हणजे तोंडाशी किंचित अरुंद केलेल्या, नळ्यांवर हा शिक्का १८७५ ते १८८७ या काळातच मारत. एका शिक्क्यावरून काळ नक्की झाला!

आणि हो, या नळ्या बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूसाठी घडवलेल्या. आजची काडतुसं त्यात कृपा करून घालू नका.