विषय: बाससाठी पहिला रॉड-रील कोणता? (अंगणात झालेल्या फजितीसह)

सप्रेम नमस्कार मंडळी,

दोन वर्षं गळाने मासे पकडणाऱ्यांच्या या ईमेल-यादीवर नुसता वाचत आलोय, आज पहिल्यांदा लिहितोय. धाकटी अकरा वर्षांची. मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर तळ्यावर गेली, वीतभर बास मासा पकडून आली, आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. दुकानात गेलो तर भिंतभर रॉड, म्हणजे गळाचे दांडे. विक्रेता म्हणाला, "खरे बासवाले बेटकास्टर रीलच वापरतात." घेतला. अंगणात पहिल्याच फेकीला रीलमध्ये लाइनचा असा गुंता झाला की सुगरणीला दाखवला असता तर तिनेही हात जोडले असते. अर्धा तास सोडवत बसलो, शेवटी कात्री लावली.

आता हाच चालवायला शिकू की दुसरा घेऊ? आणि गळाला नेमकं लावायचं काय?

– वि.

*

वि.,

बेटकास्टर माळ्यावर ठेवा, फेकू नका. पुढेमागे लागेल. सध्या स्पिनिंग घ्या.

कारण समजून घ्या म्हणजे वाईट वाटणार नाही. बेटकास्टरमध्ये लाइन सोडताना अख्खा स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळलेलं रीळ, गरगर फिरतो. आमिष हवेत मंदावतं, स्पूलला त्याचा पत्ता नसतो, तो आपला फिरतच राहतो. बाहेर जायची लाइन मग आतच सैल होते आणि तुमचं घरटं तयार. अंगठ्याने स्पूल दाबत राहणं हा त्यावरचा उपाय, पण अंगठ्याला ते कळायला काही आठवडे जातात. स्पिनिंग रीलचा स्पूल फेकताना जागचा हलत नाही, त्यावरून लाइन वेटोळ्यांनी सुटते. म्हणून हलकं आमिषही निमूट जातं.

रॉड ६ फूट ६ इंच ते ७ फूट, मीडियम पॉवर, फास्ट ॲक्शन. या दोन शब्दांत सगळेच घोळ घालतात. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो ते, आणि ॲक्शन म्हणजे तो वाकतो कुठून ते. फास्ट रॉड शेंड्याकडे वाकतो, खालचा भाग ताठ राहतो. त्यामुळे मासा टोचला की हाताला लगेच कळतं आणि गळ रुतवायला जोर मिळतो. लेकीसाठी ६ फुटी मीडियम लाइट बरा. दांड्याच्या बुडाशी लाइनचे पौंड आणि आमिषाचे औंस छापलेले असतात, तेवढं वाचा. १/८ ते १/२ औंस दिसलं की डोळे मिटून घ्या.

रील २५०० साइजचं. बेअरिंग किती हा आकडा बघू नका, तो खोक्यावर छापायला असतो. ड्रॅग (मासा ओढू लागला की लाइन सरकू देणारा ब्रेक) थोडा सैल करून लाइन हाताने ओढा. गचके न देता सरकली तर रील चांगलं.

लाइन ८ पौंडी मोनो, म्हणजे ८ पौंड ओढ सोसणारी एकपदरी नायलॉनची. स्पूल काठोकाठ भरू नका, काठापासून तीनेक मिलिमीटर खाली थांबा. आणि फेकल्यावर बेल (रीलवरची तारेची कमान) हाताने पाडा, हँडल फिरवून नको. मग लाइन एकदा बोटांनी ताणून घ्या आणि नंतरच गुंडाळा. एवढी सवय लागली तर स्पिनिंग रीलचे निम्मे गुंते होणारच नाहीत.

आमिषाला रबरी गांडूळ लावा.

– काका

*

काका, रॉड-रीलवर अख्खं रामायण आणि आमिषाला एक ओळ! मासा दांडा थोडाच खातो?

मोनोबद्दल माझं जरा वेगळं मत आहे. मोनो ताणतं. लांबवर मासा लागला की आपण झटका देतो आणि अर्धा झटका लाइनच गिळते. मी १० पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन, वापरते आणि पुढे वावभर फ्लुरोकार्बनची लाइन जोडते. ब्रेड ताणत नाही, फ्लुरोकार्बन पाण्यात सहज दिसत नाही. पण दोन लाइनी जोडायची गाठ शिकावी लागते, तेव्हा पहिल्या महिन्यात काकांचंच ऐका.

आता आमिष. वि. दादा, वॅकी रिगपासून सुरू करा (रिग म्हणजे गळ-आमिषाची जोडणी). ५ इंची मऊ रबरी काडी घ्यायची, दोन्ही टोकांना सारखीच. बरोबर मध्यावर १ नंबरचा किंवा १/० चा गळ आरपार टोचायचा. वजन नाही, बोया नाही. काडी गळावर आडवी लोंबते, दिसते अगदी वेडगळ. पाण्यात पडली की हळूहळू बुडते आणि बुडताना दोन्ही टोकं थरथरतात. सगळी जादू त्या थरथरण्यात आहे. आपण काहीही करायचं नाही!

आणि नवशिक्याला तेच जमत नाही. पडल्या पडल्या हँडल फिरवायला लागतात. रॉड खाली, लाइन किंचित सैल, आणि नजर लाइन पाण्यात शिरते तिथे. बास पुष्कळदा बुडतानाच घेतो आणि हाताला काहीही जाणवत नाही. लाइन टुणकन उडते, किंवा वारा नसताना बाजूला चालायला लागते. तेव्हा सैल लाइन पटकन गोळा करा आणि रॉड उचला. काहीच झालं नाही आणि काडी तळाला टेकली तर शेंडा फूटभर वर करून पुन्हा बुडू द्या. असं तीनचारदा, मग दुसरीकडे फेका. काडी मध्ये फाटते फार, म्हणून मी तिथे छोटं रबरी कडं चढवते आणि गळ त्यात अडकवते.

वेलीशेवाळात वॅकी अडकते. तिथे टेक्सास रिग. पुढे १/८ किंवा १/४ औंसाचं बंदुकीच्या गोळीसारखं वजन, मागे ३/० चा वाकडा वर्म हुक, आणि त्याचं टोक पुन्हा रबरातच लपवलेलं.

आणखी एक. काठावर उभं राहून सगळे तळ्याच्या मध्यावर फेकतात, जसं काही मासे तिथे सभा भरवून बसलेत. बास दबा धरून बसणारा मासा. पडलेलं झाड, धक्क्याची सावली, शेवाळाची कड या त्याच्या जागा. काठाला समांतर फेकून बघा, सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर.

– सु.

*

ताई, काका,

शनिवारी जाऊन आलो. आधी परवाना काढला आणि त्या तळ्याचे नियम वाचले, दर पाण्याचे वेगळे असतात हे तेव्हाच कळलं. लाइन उडते म्हणजे काय हे पहिल्या तीन वेळा कळलंच नाही, लेक ओरडली, "बाबा, चालली!" तोवर उशीर. चौथ्याला कन्येनं मारला. फूटभर. मला मात्र चांगला जोरकस लागला होता, हवेत उडी घेतली, डोकं झाडलं आणि लाइन तटकन तुटली. ८ पौंडी लाइन एवढ्याशा माशाने तुटावी? तुटलेलं टोक खिशात ठेवलंय, डुकराच्या शेपटीसारखं वळलंय.

कन्येचा प्रश्न: सगळ्यात मोठा बास किती मोठा असतो?

– वि.

*

वि.,

शेपटीसारखं वळलंय ना? मग लाइन तुटली नाही, गाठ सुटली. सरकताना लाइनला असा पीळ पडतो. पालोमर गाठ शिका: लाइन दुमडून गळाच्या नेढ्यातून काढायची, साधी सैल गाठ मारायची, आणि उरलेल्या फासातून अख्खा गळ बाहेर काढून घट्ट करायचं. आवळण्याआधी थुंकीने ओली करा, कोरडी आवळली तर घासून कमजोर होते.

शिवाय ड्रॅग गच्च पिळून ठेवला होतात, पैज लावतो. लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ओढीला सरकला पाहिजे. ८ पौंडीला दोन-अडीच पौंड. वजनकाट्याला गाठ बांधून बघा.

– काका

*

कन्येला शाबासकी! पुढच्या वेळी सोडण्याआधी हात ओले करायला सांगा, कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो. आणि खालचा ओठ धरून उचलला तर मोठ्या माशाला पोटाखाली दुसरा हात हवाच, नुसत्या जबड्यावर आडवा धरू नका.

तिच्या प्रश्नाचं उत्तर: १९३२ साली अमेरिकेतल्या जॉर्जियात जॉर्ज पेरींनी पकडलेला लार्जमाउथ (मोठ्या तोंडाचा) बास २२ पौंड ४ औंसांचा. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरितांना त्याहून औंसभरही जास्त नसलेला मिळाला. विक्रम मोडायला निदान २ औंस जास्त लागतात, म्हणून दोघंही बरोबरीत. म्हणजे ७७ वर्षांनी मासा मिळाला आणि औंसाने अडला.

तो माळ्यावरचा बेटकास्टर तिच्या नजरेस पडू देऊ नका, दादा. तुमच्याआधी तिचा अंगठा तयार होईल.

– सु.