कपाची मापं ग्रॅममध्ये : मैद्याचा नेमका कुठला आकडा धरायचा? (मदत हवी आहे)

केक-बिस्किटांच्या बऱ्याच पाककृती साठल्यात, सगळ्या कपाच्या मापात. आता डिजिटल वजनकाटा घेतलाय, तर एकदाच बसून ग्रॅममध्ये लिहून काढाव्यात म्हणते. पाण्या-दुधाचा प्रश्न नाही. साखरेचे तक्तेही साधारण एकमताने कपाला २०० ग्रॅम सांगतात. गाडी अडते ती मैद्यापाशी. कुठे १२० ग्रॅम, कुठे १२५, कुठे १४० आणि एके ठिकाणी चक्क १५०! चार कपांच्या पाककृतीत हा फरक १२० ग्रॅमवर जातो, म्हणजे अख्खा कपभर मैदा.

शिवाय कपही एकच नाही. अमेरिकेतला साधारण २३७ मिलीचा, ऑस्ट्रेलियातला २५० चा, जपानमधला २०० चा. लिहिणारे आपला कप कुठला ते सांगतच नाहीत. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

प्रतिसाद १
मिली गुणिले घनता, झालं वजन. एवढं अवघड काय आहे?

धागाकर्ती
तेलाला ठीक आहे हो. पण मैद्याची घनता कुठली धरू, चाळलेल्याची की डब्यात बसून गच्च झालेल्याची?

प्रतिसाद २
अडचण नेमकी तीच आहे. कुठल्या देशाचा कप याची फार काळजी करू नका. २३७ आणि २५० मध्ये जेमतेम सहा टक्क्यांचा फरक, आणि सगळे जिन्नस एकाच कपाने मोजले असतील तर प्रमाण तेच राहतं. गडबड झाली तर अंड्यांशी होते, कारण ती नगावर असतात. (जपानी पाककृती मात्र वेगळी ठेवा, तो कप फारच लहान.)

मैद्यात खरा फरक पडतो तो भरण्याच्या पद्धतीने. चमच्याने हलकेच कपात टाकून सुरीने सपाट केला तर १२०-१२५ ग्रॅम. कप थेट डब्यात खुपसून भरला तर १४०-१५०. तुम्ही पाहिलेले सगळे आकडे बरोबर आहेत, हात वेगवेगळे आहेत. म्हणून लिहिणाऱ्याने पद्धत सांगितली आहे का ते आधी बघा. ‘चाळून मग मोजलेला’ असेल तर वजन आणखी कमी. काहीच सांगितलं नसेल तर मी १२५ धरते. पीठ सैल वाटलं तर चमचाभर मैदा वाढवता येतो, घट्ट झालेल्यातून काढता येत नाही.

कोको आणि पिठीसाखरेची हीच तऱ्हा. कोको कपाला ८५ च्या आसपास, पिठीसाखर ११५-१२०. ब्राउन शुगर दाबून भरायची असते, २१५-२२० धरा. लोणी २२७, मध तब्बल ३४०. हे सगळे आकडे अमेरिकन कपाचे.

धागाकर्ती
वा, हे पटलं! आणि बेकिंग पावडर, यीस्ट वगैरे?

प्रतिसाद २
ते चमच्यातच राहू द्या. टीस्पूनभर यीस्ट म्हणजे ३ ग्रॅम, आणि घरचा काटा एकेका ग्रॅमनेच पुढे सरकतो, तिथे त्याच्यावर विसंबू नका. टीस्पून ५ मिलीचाच असतो. टेबलस्पून मात्र ऑस्ट्रेलियात २० मिलीचा, बाकी बहुतेक ठिकाणी १५ चा.

प्रतिसाद ३
मिठाचंही लिहा की. बारीक मीठ टीस्पूनला ६ ग्रॅम, जाडं त्याच्या निम्म्यावरही येऊ शकतं. मिठाला मी तरी काटाच वापरतो.